बरणीतलं पाणी

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट तिसऱ्यांदा उलटून पाहिला, तेव्हा मोठ्या बाईंचा धीर सुटला. कागद तो केवढा, त्याला बाजू दोनच, त्यात इतकं काय हुडकायचं? हा कागद हाती यायला एकोणीस दिवस लागले होते. एवढ्या दिवसांत त्यांच्या रंगखान्यातून शाळेचे चारशे गणवेश निळे होऊन, वाळून, इस्त्री होऊन गेले असते आणि एकाच्याही काखेत फिका डाग निघाला नसता. इथे अक्रोडाएवढी एक गाठ, तिच्यावर इतकी शिकलेली माणसं बसलेली, आणि उत्तर काही निघत नव्हतं.

खोलीत पेशंटच्या बाजूला खुर्च्या दोनच. एकीवर सून, दुसरीवर मुलगा. बाईंच्या वाट्याला दारामागचं स्टूल आलं होतं आणि दार उघडलं की ते त्यांच्या गुडघ्यावर आदळत होतं. नर्स तीनदा आत आली, तीनदा आदळलं. चौथ्यांदा बाईंनी दार पायानेच अडवून धरलं आणि काय हवंय ते बाहेरून सांग म्हणून तिला सुनावलं. सुनेने मान खाली घातली. पंधरा वर्षांत तिला याची सवय झाली होती.

मोठ्या बाई असं त्यांना सगळी गल्लीच म्हणायची. शिक्षण दुसरीपर्यंत, तेही अर्ध्यात सुटलेलं. पण कापड रंगवायचा कारखाना उभा केला तो त्यांनी, नवरा गेल्यावर चालवला तो त्यांनी, आणि ही गोष्ट कुणी विसरणार नाही याची काळजीही त्यांनीच घेतली. दुसऱ्याने केलेलं काम त्यांच्या पसंतीला उतरायचं नाही. सुनेने घासलेलं पातेलं त्या पुन्हा घासायच्या, कामगाराने पिळलेलं कापड पुन्हा पिळायच्या, मुलाने लावलेलं कुलूप पुन्हा ओढून बघायच्या.

अखेर डॉक्टरबाई बोलल्या. छातीतली गाठ कर्करोगाची आहे हे आधीच ठाऊक होतं. आता प्रश्न होता तिच्या जातीचा. या रोगाच्या काही जाती रमतगमत चालतात, काही पळत सुटतात. सुनेची पळणारी दिसत होती. तिला आवरायचं कसं ते पेशींवरच्या तीन खुणांवरून ठरतं. दोन खुणा हार्मोनच्या, तिसरीचं नाव हर-टू. लॅबवाले गाठीचे पातळ काप काढतात आणि त्यांना रंग देतात. खूण असेल तिथे तपकिरी रंग चढतो, नसेल तिथे काप फिका राहतो. सुनेच्या गाठीवर तिन्हींपैकी एकही रंग चढला नव्हता.

मग हे चांगलं की वाईट, असं मोठ्या बाईंनी स्टुलावरून विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, एकही खूण नसलेली जात वाईटच. हर-टूची खूण असलेली तीही पळणारीच, पूर्वी तर तिचं नाव काढलं की डॉक्टरसुद्धा गप्प व्हायचे. पण आता नेमकी तीच खूण धरून मारणारं औषध निघालंय. खूण नसली तर ते औषध देऊन काही उपयोग नाही, मग नुसत्या केमोवर भिस्त.

म्हणजे दोन्ही चोरच, फक्त एकाची शेंडी हाताला लागते, असं बाईंनी मनातल्या मनात समजून घेतलं. सरळ सांगायला काय होतं या लोकांना?

"खाली एक टीप आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुकडा नीट टिकलेला दिसत नाही, असं लॅबने लिहिलंय. बरणी तिकडे कुणी नेली?"

"मी," मुलगा म्हणाला. "सोमवारी सकाळी आईकडून घेतली, ती सरळ तिकडे."

"त्याआधी कुणी उघडली होती? आतलं पाणी सांडलं, बदललं, असं काही?"

"बरणीला कुणी हात लावला नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं तो सूर अडतीस वर्षांच्या धंद्यात घोटलेला होता. गिऱ्हाईक पडदे काखेत मारून तक्रार घेऊन आलं की पहिलं उत्तर, आमच्याकडून नाही. कापड नंतर बघायचं. खोट कुणाची ते त्याच्याही नंतर. शब्द तोंडातून गेला, आणि मग बाईंना बरणी आठवली.

झालं होतं असं. सुनेचं ऑपरेशन गल्लीजवळच्या छोट्या दवाखान्यात झालं, शुक्रवारी संध्याकाळी. काढलेली गाठ एका प्लास्टिकच्या बरणीत घालून तिथल्या नर्सने ती बाईंच्या हातात दिली आणि लॅबमध्ये पोचवा म्हणाली. लॅब बंद झालेली, ती उघडणार सोमवारी. मुलगा दवाखान्यात सुनेपाशी. बाई बरणी घेऊन घरी आल्या. झाकणातून असा उग्र दर्प येत होता की डोळ्यांना धारा लागल्या. पाणी लालसर गढूळ झालेलं. याचं पुढे काय करतात, असं त्यांनी नर्सला विचारलं होतं, तेव्हा ती घाईघाईत म्हणाली होती की याला रंग देतात, मग कळतं.

रंग देतात हे ऐकल्यावर बाईंना पुढचं कुणी सांगायची गरजच उरली नव्हती. कोरं कापड खळ काढल्याशिवाय हौदात घालणारा रंगारी त्यांनी कामावर ठेवला नसता. मळ, तेल, रक्त, काही राहिलं की तिथे रंग बसत नाही. त्यांनी बरणी मोरीत नेली, ते घाणेरडं पाणी ओतून टाकलं, तुकडा तीन पाण्यांनी हळुवार धुतला, उकळून गार केलेलं पाणी काठोकाठ भरलं आणि झाकण घट्ट लावलं. दोन दिवस बरणी खिडकीशी सावलीत होती. सोमवारी मुलाच्या हातात देताना त्यांना बरंही वाटलं होतं, की एवढ्या गोंधळात एक काम तरी धड झालं.

डॉक्टरबाईंचं बोलणं चालूच होतं. त्या मुलाला समजावून सांगत होत्या की गाठीच्या कडेला थोडा निरोगी भाग येतोच. हार्मोनचा रंग त्या निरोगी भागावर थोडाफार चढायलाच हवा. त्यावर चढला आणि गाठीवर नाही चढला, तर गाठीत खूण नाही असं खात्रीने म्हणता येतं. इथे निरोगी भागही फिकाच राहिलाय. आता तो भाग कापात फारच थोडा आलाय, त्यामुळे त्यावरूनही ठाम बोलता येत नाही.

मुलाने मान डोलावली, पण त्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. मोठ्या बाईंच्या मात्र पहिल्या वाक्यातच शिरलं. प्रत्येक हौदात त्या कापडाबरोबर धुतलेल्या पांढऱ्या सुताची एक पट्टी सोडायच्या. पट्टीने रंग धरला आणि कापडाने नाही धरला, तर खोट कापडात. पट्टीही कोरीच राहिली, तर कापडाला बोल लावायचा नाही, खोट आपल्या हौदात. ही तर रोजचीच गोष्ट होती. इथे पट्टी कोरी राहिली होती.

डॉक्टरबाईंनी विचारून घेतलं ते असं. बरणी शेवटपर्यंत बंद होती ना? मग हा रिपोर्ट धरून सोमवारपासून केमो सुरू करू, कारण ही गाठ थांबायला वेळ देणारी नाही. शंका असेल तर आत्ताच सांगा. ऑपरेशनच्या आधी सुईने एक बारीक तुकडा काढला होता, तो दुसऱ्या लॅबमध्ये मेणाच्या वडीत जपून ठेवलेला असतो. तो मागवून तपासता येईल, पण त्यात दहा दिवस जातील, आणि उगाच दहा दिवस घालवायची माझी इच्छा नाही.

मुलाने आईकडे पाहिलं. सुनेनेही पाहिलं. मोठ्या बाईंनी दाराकडे पाहिलं.

"बंदच होती," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेना. आधी लॅबवाले. माणसाची गाठ आहे की भाजीचा देठ, यांना काही पडलेलीच नाही. मग छोट्या दवाखान्यातली नर्स. धड काही सांगता येत नाही तर नोकरी कशाला करते? मग बरणी बनवणारा, ज्याला झाकण नीट बसेल अशी बरणी करता येत नाही. रंगखान्यात सहा हौद, दोन कामगार, नि सगळे खाली मान घालून काम करत होते.

सून काट्यापाशी बसून रंगाची पूड तोलत होती. घरी पडून राहा असं तिला सगळ्यांनी बजावलं होतं, आणि पडून राहिलं की डोकं चालतं म्हणून ती आली होती. डावा हात अजून वर जात नव्हता, म्हणून सगळं उजव्यानेच चाललेलं. सगळ्या रंगांची मापं तिने एका वहीत उतरवून ठेवली होती. ती वही बाईंनी कधी उघडली नव्हती. त्यांची मापं बोटांत होती.

"आई," सून म्हणाली, "सकाळपासून तुम्ही तिघांना झोडपलंत. त्यातलं एकही माणूस इथे नाही. मनात काय आहे ते बोला."

मोठ्या बाईंनी हातातली काठी हौदाच्या काठाला टेकवली. कामगारांना त्यांनी गच्चीवर वाळत घातलेलं बघून या म्हणून पिटाळलं. दोघं गेले.

"ती बरणी मी धुतली," त्या म्हणाल्या.

"कुठली बरणी?"

"तुझी. त्याला रंग देणार आहेत असं ती नर्स म्हणाली. घाण पाणी होतं, दर्प मारत होता. न धुता रंग कसा चढेल? तीन पाणी काढली आणि उकळलेलं पाणी भरून ठेवलं. दोन दिवस तसंच होतं."

सुनेने काट्यावरची पूड डब्यात परत ओतली. डब्याचं झाकण लावलं. मग ती रडेल असं बाईंना वाटलं, आणि ती रडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. तिला जवळ घेतलं असतं, चार शब्द बोलल्या असत्या. पण सून त्यांच्याकडे बघत राहिली, डोळे कोरडे ठेवून.

"माझी भांडी तुम्ही परत घासता," ती म्हणाली. "मी दुमडलेल्या चादरी उलगडून परत दुमडता. पोरीला मी आंघोळ घातली की तुम्ही तिचे कान परत पुसता. पंधरा वर्षं मी काही बोलले नाही. आता माझ्या अंगातून कापून काढलेलं, तेही तुम्हाला धुवावंसं वाटलं?"

"मला वाटलं की..."

"तुम्हाला नेहमीच वाटतं. विचारावंसं मात्र कधी वाटत नाही. आणि काल? काल तिथे तोंडात काय धरलं होतं?"

मोठ्या बाईंनी काठी पुन्हा उचलली. त्या म्हणाल्या की मुलाला सांगते, तो जाईल आणि डॉक्टरबाईंच्या कानावर घालेल. सून म्हणाली, नाही. मग फोन करते, असं बाई म्हणाल्या. सून म्हणाली, नाही. डॉक्टरबाई शनिवारी एकपर्यंत बसतात. तुम्ही तिथे जायचं, माझ्यासमोर, आणि तुमच्या तोंडाने सांगायचं. मधे कुणी नको.

तेव्हा साडेअकरा झाले होते. बाईंनी हात धुतले, पण नखांतला निळा रंग काही निघाला नाही.

दवाखान्यात दारावर कालचीच नर्स होती. डॉक्टर निघायच्या बेतात आहेत, सोमवारी या, असं तिने सांगितलं. इतर वेळी बाईंनी तिला बाजूला सारून दार उघडलं असतं. आज दार उघडण्यासारखं तोंड त्यांच्याकडे नव्हतं. दोन मिनिटं दे मुली, असं त्या म्हणाल्या, तेही दोनदा म्हणावं लागलं. नर्सने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग आत गेली आणि चांगल्या दहा मिनिटांनी बाहेर आली. बाई त्या दहा मिनिटांत भिंतीवरचा लहान मुलांच्या लसीचा तक्ता बघत बसल्या, ज्यातलं एकही अक्षर त्यांना लागत नव्हतं.

आत गेल्यावर त्यांनी खुर्चीत न बसताच सगळं सांगितलं. ओतलेलं पाणी, तीन वेळा धुणं, खिडकीशी दोन दिवस, सगळं. काही झाकलं नाही, काही वाढवलंही नाही. सून शेजारी उभी होती.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ते घाण पाणी म्हणजे फॉर्मालिन होतं, त्या म्हणाल्या, तुकडा सडू नये म्हणून मुद्दाम घातलेलं. साध्या पाण्यात पेशी फुगतात, फुटतात, त्यांच्यावरच्या खुणा पुसून जातात. मग लॅबने कितीही रंग दिला तरी तो बसणार कशाला?

"आजी, काल मी तुम्हाला दोनदा विचारलं. काल का नाही सांगितलंत?"

आजी म्हणवून घ्यायला बाईंना एरवी मुळीच खपत नसे. "काल माझं तोंड माझ्याआधी बोललं," त्या म्हणाल्या. "मागाहून मी धावले, पण ते परत घेता येईना."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला. दुसऱ्या लॅबशी बराच वेळ बोलणं झालं, आवाज दोनदा चढला. मेणाची वडी होती, सापडली. पण सुईचा तुकडा तो किती असणार. तिन्ही खुणा पाहायला पुरतील इतके काप त्यातून निघतील, पुन्हा तपासायचं म्हटलं तर काही उरणार नाही. यावेळी काही चुकलं तर मग कुणालाच कधी कळणार नाही की सुनेला ते औषध लागू होतं की नव्हतं.

ते दहा दिवस घरात कुणी कुणाशी सरळ बोललं नाही. मुलाला कळलं तेव्हा तो दोन दिवस गप्प होता, आणि तिसऱ्या दिवशी बोलला ते गप्प बसण्यापेक्षा वाईट होतं. तुला सगळंच येतं ना, म्हणाला, मग ऑपरेशनही तूच करायचं होतंस. एरवी बाईंनी त्याला त्याच्या जन्मापासूनचं सगळं ऐकवलं असतं. त्यांनी नुसती त्याच्या पुढ्यातली बशी उचलली, आणि सिंकजवळ जाऊन तिथेच ठेवून दिली. सून त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. हिरवा कमी पडलाय. गच्चीवरचं काढा. यापलीकडे नाही. सुनेच्या छातीत रोज काय वाढत असेल, हा हिशेब बाईंना एकटीलाच करावा लागत होता, आणि त्यात रोज त्यांचेच दहा दिवस धरावे लागत होते.

अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. यावेळी बाई स्टुलावर बसल्या आणि दार आदळलं तरी त्यांनी पाय पुढे केला नाही.

हार्मोनच्या दोन्ही खुणा नाहीत, डॉक्टरबाई म्हणाल्या. पेशी किती भराभर वाढतात त्याचा आकडा शंभरात पासष्ट. म्हणजे पळणारीच, यात काही बदल नाही. आणि हर-टू आहे. नुसतं आहे असं नाही, तीन प्लस, म्हणजे काप चांगला गडद झालाय.

"शेजारच्या निरोगी भागाने धरला का रंग?" मोठ्या बाईंनी विचारलं. "हार्मोनचा?"

डॉक्टरबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "धरलाय," त्या म्हणाल्या. "स्वच्छ लिहिलंय तसं."

"मग बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

सुनेने विचारलं, मग मी बरी होईन का? डॉक्टरबाईंनी सांगितलं की या खुणा रोग कसा वागेल त्याचा अंदाज देतात, आणि औषध कुठलं द्यायचं ते सांगतात. तुम्हाला ते कितपत लागू पडेल हे दिल्यावरच दिसेल. बऱ्याच जणींना पडतं. गुरुवारी सुरू करू. वर्षभर चालेल. मोठ्या बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, की एवढं सगळं रामायण करून हाती आलं ते बऱ्याच जणींना? पण प्रश्न सुनेचा होता आणि उत्तरही तिलाच दिलेलं होतं. सुनेने ते घेतलं, मान डोलावली आणि गुरुवारी किती वाजता ते विचारलं. सोबत कोण येणार, असं नर्सने विचारलं तेव्हा ती पटकन म्हणाली, माझी आई येईल, तिला कळवलंय. मुलाने बाईंकडे चोरून पाहिलं. बाई चपला शोधत होत्या, ज्या त्यांच्या पायातच होत्या.

गुरुवारी सकाळी गाडी दाराशी उभी होती. मुलगा स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. सून पायऱ्या उतरली, आणि मागून मोठ्या बाई आल्या, हातात ती रंगांची वही घेऊन. तू नसताना मापं कोण सांगणार, म्हणून त्यांनी ती काल रात्रीपासून उघडून ठेवली होती. उघडून बघणं इतकंच त्यांना जमलं होतं.

"हा आकडा कितीचा?" त्यांनी पानावर बोट ठेवलं.

"तीन," सून म्हणाली. "तीन चमचे, दर किलोला."

"आणि हा, हा खालचा?"

"तो वेळ. चाळीस मिनिटं. आई, उशीर होतोय."

"आणि याच्यापुढे हे दोन शब्द?"

"अहो आई, गाडी थांबलीय."

"विचारत नाही म्हणालीस ना? आता विचारते आहे, तर तुला वेळ नाही."

मुलाने हॉर्न वाजवला. सुनेने गाडीकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि उजव्या हाताने मागचं दार उघडलं.

"आत बसा," ती म्हणाली. "माझी आई तिथे येईल तेव्हा येईल. वही घ्या, चष्मा घ्या, वाटेत सांगते. आणि प्रत्येक अक्षर दोनदा विचारू नका, वाट एवढी लांब नाही."

चष्मा आणायला बाई परत आत गेल्या. मुलाने पुन्हा हॉर्न वाजवला, आणि आतून बाईंचा आवाज आला, की येतेय, मरायला टेकल्यासारखा काय वाजवतोस. मग तो आवाज मधेच थांबला. बाई बाहेर आल्या, सुनेशेजारी बसल्या आणि वही पहिल्या पानावर उघडली.